हलका पाहिजे

दर तालुक्याच्या गावाला एक एसटी स्टँड, दोन-तीन पतसंस्था आणि निदान चार डीजे असतात. त्यांतले तीन वाजवतात आणि चौथा लॅपटॉप बघत असतो. हे चित्र त्या चौथ्याचं. वाजवतो तोही, पण ते त्याच्या लेखी तात्पुरतं आहे. खरं वाजवणं लॅपटॉप आल्यावर सुरू व्हायचंय.

ओळखायला सोपा. नावाच्या आधी 'डीजे', नावाच्या शेवटी एखादं जादा इंग्रजी अक्षर. पोटापुरतं काम चुलत्याच्या मंडप डेकोरेशनमध्ये. हेडफोन कायम एकाच कानावर, जेवतानासुद्धा. आई भाकरी वाढायला उघड्या कानाच्या बाजूनं येते. त्याचं काम तुम्ही ऐकलेलं असणार. एखादं जुनं देवीचं गाणं चालू असतं, संबळाचा ठेका चढत जातो, पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या अंगात यायच्या बेतात असतं आणि नेमकी तेव्हाच एक परदेशी बाई याचं नाव घेते. देवीच्या आधी हा प्रकट होतो. याला टॅग म्हणतात. "टॅग नाही टाकला की लोक आपलं गाणं चोरतात, काका," असं तो मला गंभीरपणे म्हणाला. मूळ गाणं कुणाचं, हा विषय मी काढला नाही. शेजारधर्म असतो.

तर लॅपटॉप. मागणी एकच, हलका पाहिजे.

हा आग्रह धरणारा माणूस कोण ते बघा. याच्या एकेका बेसच्या पेटीत अठरा इंची दोन स्पीकर. ती टेम्पोत चढवायला चौघं लागतात आणि चौघंही नंतर आठवडाभर कमरेला हात लावून चालतात. त्यावर टॉप, अँप्लिफायरचे रॅक, लाइटींचं ट्रस, मागं जनरेटर, आणि या सगळ्याखाली बिचारा आयशर. हे गावोगाव नेताना साहेबांच्या कपाळाला आठी नाही. पण लॅपटॉप १ किलो २९० ग्रॅमचा घ्यावा की १ किलो २४० ग्रॅमचा, यावर त्यानं एक अख्खा श्रावण घालवला. हे ५० ग्रॅम म्हणजे मॅकबुक एअरच्या २०२०च्या एम-वन आणि २०२२च्या एम-टू मॉडेलमधला फरक. श्रावणात ऑर्डर नसतात, त्यामुळं वेळ होता.

त्याच सुमाराला मी साबुदाणा घ्यायला वाण्याकडं गेलो, तर काट्यावर याचा लॅपटॉप. हा त्याचा सध्याचा, म्हणजे खरं तर मामेभावाचा. मामेभाऊ इंजिनिअरिंगला असताना गेम खेळायला घेतलेला. काचेवर आकडा उमटला, २.४६०. मग यानं खिशातून अडॅप्टर काढून अलगद वर ठेवला. अडॅप्टर कसला, वीटच ती. ३.१४०.

"शेठ, काटा बरोबर आहे ना?"

"पासिंगचा शिक्का आहे," वाणी म्हणाला. "पिशवीत देऊ?"

मी विचारलं, "अरे, तीन किलोचं काय एवढं घेऊन बसलास?" त्यावर तो म्हणाला, "वजन राहू दे काका, मेन लफडा फॅनचा आहे."

इथून पुढं मात्र हसणं जरा आवरावं लागतं, कारण पोराला विषय येतो. बारावीच्या फिजिक्सनं ज्याला दोनदा माघारी धाडलं, तो वाण्याच्या फळीला टेकून सांगत होता की आवाज लॅपटॉपमध्ये सेकंदाला ४४,१०० तुकड्यांनी धावतो. हे तुकडे सुटे येत नाहीत, मूठमूठ येतात. मुठीत १२८ तुकडे घेतले तर उशीर सुमारे ३ मिलिसेकंद, ५१२ घेतले तर साडेअकरा. नुसती गाणी मिसळायची असतील तर मोठी मूठ चालते, पब्लिकला कळत नाही. पण घरी बसून कीबोर्डवर धून वाजवायची तर मूठ लहान पाहिजे, नाहीतर बोट आधी पडतं आणि सूर मागून येतो. आता लहान मूठ म्हणजे घाई. लॅपटॉपला वेळेत ती भरता आली नाही की स्पीकरमधून कटकट ऐकू येते. या मुठीला बफर म्हणायचं. लॅपटॉप पातळ आणि हलका केला की आत हवा खेळायला जागा राहत नाही, तो तापतो, तापला की स्वतःहून मंद होतो आणि ऐन रंगात कटकट सुरू होते. म्हणजे हलका हवा आणि दमदारही हवा, या दोन मागण्या एकमेकींच्या जावा आहेत. "शोरूमवाले रॅम सांगतात, एसएसडी सांगतात," तो म्हणाला, "गरम झाल्यावर काय करतो ते एकजण सांगत नाही." वाण्यानं माझा साबुदाणा बांधायचा थांबवून हे सगळं ऐकलं.

मॅकबुक एअरवर त्याचा जीव जडला तो याच फॅनमुळं. एम-वनपासून त्यात फॅनच नाही. रात्री खोलीत कुणाचा आवाज रेकॉर्ड करायचा तर मागं घरघर नाही, हा एक फायदा. दुसरा फायदा कंपनीच्याही ध्यानीमनी नसेल. फॅन नाही म्हणजे गुलाल आत ओढला जात नाही. मामेभावाचा लॅपटॉप मागच्या गणपतीनंतर दुरुस्तीला उघडला तेव्हा मी पाहिलाय. फॅनची पाती गुलाबी, जाळीवर गुलालाचा जाड थर आणि त्यात मधूनमधून लग्नसराईतली पिवळी हळद. दुरुस्तीवाल्यानं वर्तमानपत्रावर झटकलं तर चहाच्या बशीत मावेल एवढा ढीग पडला. याच्या आईनं त्यातला चिमूटभर कपाळाला लावला. गणपतीचाच होता तो.

मग घे की एअर! तर नाही. ॲपलच्या माहितीपत्रकात लिहिलंय की यंत्र १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावं. आमच्याकडं मे महिन्यात ३५ अंश म्हणजे 'आज जरा वारं सुटलंय' असं म्हणतात. दुपारी चारला पत्र्याच्या मांडवात हळद, शेजारी चुलवण पेटलेलं, आणि बिनफॅनचा लॅपटॉप ओल्या टॉवेलवर. शोभतं का?

त्यात मॅक की विंडोज हा जुना तंटा. त्याचं घरचं सगळं काम एफएल स्टुडिओ या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालतं. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीनं हे १९९७ साली फ्रूटीलूप्स नावानं काढलं. पुढं बरीच वर्षं ते विंडोजचंच राहिलं, त्यामुळं मॅकचा विचारच करावा लागत नव्हता. सुखाचे दिवस होते. २०१८ साली ते रीतसर मॅकवर आलं आणि याची झोप गेली. या कंपनीची एक रीत फार चांगली आहे. एकदा विकत घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या जन्मभर फुकट. यानं मुळात पहिलीच फुकट घेतल्यामुळं ही सवलत त्याला लागू होत नाही. उलट मॅकवर लॉजिक प्रो आहे, ते मात्र विंडोजवर मिळत नाही. म्हणजे मॅक घेतला तर लॉजिक शिकावं लागणार, आणि शिकायचं तर आधी मॅक पाहिजे. या फेऱ्यात एक दिवाळी गेली.

मधे एकदा तो जुन्याकडंही वळला होता. परदेशातल्या मोठमोठ्या डीजेंचे फोटो त्यानं जमवलेत. अंधारात मागून लाइटी आणि पुढं पब्लिकच्या बाजूला लॅपटॉपच्या पाठीवर उजळलेलं सफरचंद. ॲपलनं मॅकबुक प्रोवर २०१६पासून हे सफरचंद उजळणं बंद केलं. हा याला घरातला दिवा विझल्यासारखा धक्का होता. म्हणून २०१५चा तेरा इंची मॅकबुक प्रो कुठं सेकंडहँड मिळतो का, ते बघायला तो मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन आला. मिळाला. चालू होता. सफरचंद उजळत होतं. वजन १ किलो ५८०. परत आला.

वडिलांचं म्हणणं सरळ आहे, एवढ्या पैशात म्हैस येते. "म्हैस पाचशे किलोची असते, पप्पा," एवढंच तो म्हणतो. त्यापुढं संवाद जात नाही.

वजनाचं खरं कारण मला एका वरातीत उलगडलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सणासुदीला. नवरदेवाच्या मामाला हे मान्य नव्हतं. सव्वादहाला वळणावर जीपचा दिवा दिसला. ऑपरेटर पळाले, नाचणारे पांगले, घोडीवाल्यानं घोडी वळवली. बेस राहिला, टॉप राहिला, घोडीवरून उतरवलेला नवरदेव राहिला. आमचे साहेब लॅपटॉप बगलेत मारून उसात. पण घाईत प्लग निघाला नव्हता. लॅपटॉपमागं अडॅप्टर, अडॅप्टरमागं एक्स्टेन्शन बोर्ड आणि बोर्डाला चार्जिंगला लावलेला नवरीच्या भावाचा मोबाईल, अशी दुसरी वरात सरीतून चालली होती. मोबाईलवाला ओरडत मागं धावला म्हणून तर साहेब सापडले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "पळायचंच होतं, तर ते ओझं टाकून पळायचंस." तो माझ्याकडं बघतच राहिला. "काका, पेट्या कुणाच्याही मिळतात. सगळी गाणी, सगळे क्यू लावलेले, आठ वर्षांची मेहनत यात आहे." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही एकदा तीन किलो घेऊन उसात पळून बघा."

बॅकअप नावाचा प्रकार मी सुचवला. हार्डडिस्क बघतोय, म्हणाला. हलकी मिळाली पाहिजे.

एवढ्या अभ्यासाचं चीज मात्र झालंय. तालुक्यातले डीजे, दोन कीर्तनकार, एक बेंजो पार्टी आणि शाळेचं गॅदरिंग बसवणारे सर, सगळ्यांनी याच्या सल्ल्यानं लॅपटॉप घेतले आणि ते सगळे उत्तम चालतात. तो प्रत्येकाचा हातात घेऊन तळवा वरखाली करून बघतो, वजन सांगतो आणि परत देतो. चुकत नाही. परवा आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई मुलीसाठी लॅपटॉप विचारायला त्याच्याकडं गेल्या होत्या.

"ताई, मुलगी लाइव्ह वाजवणार का नुसतं मिक्सिंग?"

"अहो, ती सीए करतेय."

त्यानं हेडफोन कानावरून उतरवला आणि थोडा विचार केला.

"मग बफर ५१२लाच राहू द्या. उशीर झाला तरी तिथं चालतो."