वाळली म्हणजे वाचली?

पाऊस उघडला की आपल्याकडे सगळं उन्हात येतं. गाद्या, गोधड्या, डाळीचे डबे, पोरांची दप्तरं. अलीकडे त्यात आणखी एक वस्तू दिसते: सीट वर करून, डिक्की उघडी टाकून उभी केलेली बॅटरीवरची स्कूटर. दोन दिवसांत गादी वाळते. स्कूटरही वाळते, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. बॅटरीला कुणी विचारलेलं नाही.

'सुकू द्या जी, काही नाही होत. मंग लावा चार्जिंगले.'

हा सल्ला वर्ध्यात फुकट मिळतो. हिंगणघाटात, पुलगावात, आर्वीतही मिळतो. गॅरेजवाला देतो, शेजारी देतो, व्हॉट्सॲपवरचा मेहुणा तर हमखास देतो. यातल्या एकानेही बॅटरीचा डबा उघडून पाहिलेला नसतो. तेवढ्याने सल्ला देणं थांबलं असतं तर हा देश केव्हाच गप्प झाला असता.

बरं, सल्ला मूर्खपणाचा नाही, हीच खरी अडचण. तो अनुभवाचा आहे. फक्त अनुभव मोटरपंपाचा आहे. बुडालेली मोटर बाहेर काढा, वाळवा, वाइंडिंगवाल्याकडे टाका, पुन्हा पाणी ओढते. पेट्रोलची गाडी नाल्यातून ढकलत आणली, प्लग पुसला, दहा किका मारल्या की सुरू. विदर्भाच्या दोन पिढ्या याच ज्ञानावर चालल्या. तिसऱ्या पिढीच्या गाडीला किकच नाही.

वर्धा तसा कोरडा जिल्हा. दारूपुरता, तोही कागदावर. पाऊस परवाना विचारत नाही. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांत जे झालं ते अजून लोकांच्या भिंतींवर आहे. वणा नदीने रस्ता, घर, दुकान असा भेद केला नाही. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबरला, नागपुरात अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत दारातल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. उपराजधानीचं हे, तर तालुक्याच्या गावाचं काय घेऊन बसलात?

त्या गाड्यांत दरवर्षी बॅटरीवाल्यांची भर पडते आहे. पाणी ओसरल्यावर पंचनामा होतो. घर, भांडी, कपडे, जनावरं, पीक. भिजलेल्या बॅटरीचा रकाना कुठे आहे?

आता थोडं आत डोकावू. स्कूटरच्या पॅकमध्ये बोटाएवढे शंभर-दोनशे सेल पत्र्याच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक सर्किट असतं, बीएमएस. कुठला सेल किती भरला, किती तापला, केव्हा थांबवायचं, हे ते ठरवतं. थोडक्यात, घरातली एकमेव जबाबदार व्यक्ती. पाणी आधी तिलाच गाठतं.

'लिथियम पाण्यात पेटतो' हे शाळेतलं ज्ञान इथे कामाचं नाही. तो धातूचा तुकडा असतो. लिथियम-आयन सेलमध्ये तसा गोळा बसवलेला नसतो. भिजली आणि भडकली, असं सहसा होत नाही. होत नाही म्हणूनच माणूस फसतो.

होतं ते असं. पुराचं पाणी म्हणजे बाटलीतलं पाणी नव्हे. त्यात नालीचं पाणी असतं, शेतातून वाहून आलेला युरिया असतो, चिखल असतो. असं पाणी वीज वाहून नेतं. पॅकमधल्या जोडांवर व्होल्टेज असतंच, गाडी बंद असो की चालू. म्हणजे चावी खिशात असतानाही आत गंज चढायला लागतो. पाणी उडून जातं, क्षार आणि गंज मागे राहतात. दोन जोडांच्या मधोमध एक बारीक वाट तयार होते. बाहेरून गाडी खडखडीत कोरडी. आतून फितूर.

मग एखादा सेल हळूहळू रिकामा होतो. बीएमएसचं डोकं फिरलेलं असेल तर त्याला ते कळत नाही, किंवा उलटंच कळतं. भरलेल्या सेलला ते आणखी भर म्हणतं. एक सेल मर्यादेबाहेर तापला की शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. याला चार दिवस लागतात, कधी चार आठवडे. तोवर घरात सगळ्यांनी जाहीर केलेलं असतं: 'पाहा, म्हटलं होतं ना, काही नाही होत!'

आणि लावली कधी जाते चार्जिंगला? पुरानंतर दोन दिवस लाइट नसते. तिसऱ्या दिवशी महावितरणला दया येते. 'आली रे आली' असा गावभर गलका होतो आणि त्याच मिनिटाला मोबाइल, फवारणीचा बॅटरी पंप, रानडुकरांसाठीचं झटका मशीन आणि भिजलेली स्कूटर, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर.

बोर्डही भिजलेला असतो, हे सांगायला नकोच.

गाडी कुठे उभी असते? जिन्याखाली. का? पाऊस लागू नये म्हणून. घरातून बाहेर पडायचा रस्ता कुठून? जिन्यावरून. वास्तुशास्त्रवाल्यांनी यावर अजून तोडगा काढलेला दिसत नाही.

२०२२ हे वर्ष या बाबतीत देशाने नीट पाहिलं. मार्चमध्ये पुण्यात स्कूटर भररस्त्यात पेटली. त्याचे व्हिडिओ चहाच्या टपरीपर्यंत पोचले. त्याच महिन्यात तमिळनाडूत वेल्लोरला बाप-लेकीचा जीव गेला. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या २० स्कूटर एकदम जळाल्या. ओला कंपनीने १,४४१ आणि ओकिनावाने ३,२१५ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. तेव्हा आपले केंद्रीय मंत्री नितीनभाऊ गडकरी म्हणाले होते की मार्च-एप्रिल-मे महिन्यांत तापमान वाढतं आणि बॅटरीला त्रास होतो. नागपूरच्या माणसाला उन्हाचा संशय आधी येणारच.

पण मग सप्टेंबरचं काय? त्याच वर्षी १२ सप्टेंबरला सिकंदराबादेत लॉजच्या तळघरातलं ई-स्कूटरचं दुकान पेटलं आणि वर उतरलेल्यांपैकी आठ जण गेले. त्याच महिन्यात वसईत घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी पहाटे फुटली. सात वर्षांचा मुलगा वाचला नाही. या दोन्ही ठिकाणी पाणी कारण होतं असं मी म्हणत नाही. उन्हाळा नव्हता, एवढंच म्हणतो.

सरकार हललं, हे मान्य करायला हवं. तज्ज्ञांची समिती बसली, बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं. १ डिसेंबर २०२२ पासून पहिला टप्पा, ३१ मार्च २०२३ पासून दुसरा. एक सेल पेटला तरी आग पॅकबाहेर यायला वेळ लागावा, आतल्या वायूला वाट असावी, पाणी आत शिरू नये, अशा बऱ्याच अटी आल्या. छान. त्याआधी विकलेल्या गाड्यांचं काय? त्या रस्त्यावर आहेत. जिन्याखाली आहेत.

आणि त्या बिननंबरच्या? पाव किलोवॅटहून कमी ताकद, ताशी २५ किलोमीटरहून कमी वेग, की गाडी कायद्याने मोटार वाहनच नाही. पासिंग नको, लायसन्स नको, विमा नको. शिकवणीला जाणाऱ्या पोराला झकास. आरटीओच्या दप्तरी तिची नोंद नाही, म्हणजे पुरात ती भिजलीही नाही.

   

'पण आपली आयपी-६७ आहे ना!' हा आणखी एक मंत्र. शोरूमवाला म्हणतो, गिऱ्हाईक पाठ करतं. यातला सहा धुळीचा, सात पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. परीक्षा कोऱ्या पॅकची, पाणी स्वच्छ. तीन वर्षं खड्डे खाल्लेल्या, रबरी सील कडक झालेल्या, एकदा लोकल मेकॅनिकने उघडून पुन्हा चिकटवलेल्या पॅकची नव्हे. शिवाय वणा नदी घड्याळ बघत नाही.

गंमत पुढे आहे. पुराचा चिखल काढायला आपण गाडी कुठे नेतो? वॉशिंग सेंटरला. तिथे प्रेशरचा पाइप. सात नंबर बुडण्याचा आहे, जोरदार फवाऱ्याचा नाही. त्याची चाचणी वेगळी असते, नंबरही वेगळा. म्हणजे नदीने जिथे पाणी घातलं नसेल तिथे आपण पैसे देऊन घालून घेतो.

विदेशात काय करतात? २०२२ च्या इयान वादळानंतर अमेरिकेत फ्लोरिडामध्ये खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाड्या आठवड्यांनंतरही पेटत राहिल्या. आपल्याकडे समुद्र नाही, हे खरं. खारं पाणी जास्त वाईट, हेही खरं. म्हणून नालीचं पाणी औषधी ठरत नाही. तिथली यंत्रणा सांगते, अशी गाडी घरापासून, दुसऱ्या गाड्यांपासून पन्नास फूट लांब ठेवा.

पन्नास फूट! आमच्या गल्लीत पन्नास फुटांवर तिसऱ्या घरचा गॅस सिलिंडर असतो.

तरीही मोकळी जागा शोधावीच लागेल. शाळेचं मैदान, बाजाराचा ओटा, काहीही. गाडी चालू करून बघायची नाही. 'फक्त लाइट लागते का पाहतो' हेही नाही. बॅटरी सुटी निघत असेल तर ती टीव्हीशेजारी आणायची नाही. तांदळात ठेवायची नाही. तो तांदूळ नंतर कुणीतरी शिजवेल. हेअर ड्रायर तर नकोच. सेलनिहाय व्होल्टेज आणि इन्सुलेशन तपासणाऱ्या माणसापर्यंत ती ढकलत न्यायची. असा माणूस नागपुरात असेल, तर टेम्पोचं भाडं कुणी द्यायचं? इथे सगळे सल्लागार गायब होतात.

फुगलेला डबा, शिट्टीसारखा आवाज, गोडसर झोंबरा वास, पांढरा धूर. हा धूर बघून 'वाफ आहे, पाणी निघून राहिलं' म्हणणारा एक तरी शहाणा घरात असतोच. ती वाफ नव्हे. ती पेटते, आणि श्वासात जाणं त्याहून वाईट. त्या वेळी माणसांनी निघायचं आणि १०१ लावायचा. बॅटरी किती हजारांची आहे, हा हिशेब रस्त्यावर उभं राहून करता येतो.

वाळू टाकून ही आग झाकता येते, आतून थंड होत नाही. थंड करायला पाणी लागतं, भरपूर आणि बराच वेळ. विझली म्हणून सगळे घरी गेले की पुन्हा धुमसते. म्हणजे पाण्याने बिघडवलं, आता पाणीच हवं. आणि पूर ओसरल्यावर नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे नगरपालिकेला विचारू नका. रागावतात.

राहिला विमा. नुसता थर्ड पार्टी काढला असेल तर विषय तिथेच संपला. पूर्ण विमा असेल तर पूर धरतात. पण पुरानंतर तुम्ही गाडी चालू केली, चार्जिंगला लावली आणि मग बिघडली, तर ते 'परिणामी नुकसान'. बॅटरीत पाणी शिरण्यासाठी वेगळं कवच विकत मिळतं. गाडी घेताना त्याचा हप्ता बघून आपणच 'ते सोडा जी' म्हटलेलं असतं. शोरूमवाल्याने हेल्मेट फुकट दिलं होतं, त्यात सगळे खूश.

मेलेली बॅटरी तरी कुठे द्यायची? ऑगस्ट २०२२ चे बॅटरी कचरा नियम सांगतात, उत्पादकाने परत घ्यावी, ग्राहकाने इतर कचऱ्यात मिसळू नये. नियम उत्तम आहेत. घंटागाडीवाल्याला वाचून दाखवा एकदा. भंगारवाला मात्र नियम न वाचता दारात येतो, वजनाने पैसे देतो आणि ती भिजलेली वस्तू आपल्या कागदाच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवतो.

आणि जिची बॅटरी मेली नाही, नुसती भिजली, ती गाडी? ती जाते बाजारात. दिवाळीच्या तोंडावर, फोटोत चकचकीत, 'सिंगल हँड, घरगुती वापर'. परवा एक गिऱ्हाईक असल्या गाडीभोवती तीन फेऱ्या मारून, टायर दाबून, हॉर्न वाजवून विचारत होतं, 'पुरातली नाही ना?'

'नाही जी. पाहा ना, कशी कोरडी हाय.'

टोकन दिलं त्याने.