आधी आडनाव, मग किल्ली

परवा भंडाऱ्यात एका फाटकाला पुठ्ठा लटकलेला दिसला. त्यावर स्केचपेनानं लिहिलं होतं, ‘रूम किरायाने देणे आहे. फक्त शाकाहारी फॅमिलीला.’ फाटकाच्या आत, नळाजवळ, घरच्या काकू झिंगे निवडत बसल्या होत्या. वैनगंगेचे ताजे झिंगे, परातभर.

यात ज्यांना विसंगती दिसली, त्यांना किरायादारीतलं ओ की ठो कळत नाही. तलावांच्या या जिल्ह्यात मासा कोणाच्या घरी शिजत नाही? ज्या पूर्वजांनी मालगुजारी तलाव खोदले, ते काय काठावर बसून नुसती कमळं मोजत होते? पुठ्ठ्यावरचा ‘शाकाहारी’ ताटात शोधू नका, तो आडनावात असतो. आडनाव चारचौघांत लिहायची लाज वाटते, म्हणून भाजी लिहायची.

तेव्हा भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, लाखनी इथे रिटायरमेंटच्या पैशातून वरचा मजला चढवून दोन खोल्या किरायानं देणाऱ्या समस्त काकाजींसाठी काही मार्गदर्शनपर सूचना. काही कसल्या, सूचना एकच. किरायादाराला आडनाव विचारा. बाकी काही विचारलं नाही तरी चालतं.

मात्र थेट विचारू नये, आपण शिकलेसवरलेले आहोत. पाहुणा पहिलं नाव सांगून थांबला, तर ‘पूर्ण नाव?’ म्हणावं आणि वही उघडावी, म्हणजे चौकशी सरकारी वाटते. आता काही आडनावं दगाबाज असतात, तीन-तीन समाजांत एकच चालतं. तिथे खचून जाऊ नये. ‘गाव कोणतं?’ ‘पवनी.’ ‘हो का! पवनीत कोणत्या वार्डात?’ वार्ड सांगूनही उजेड पडला नाही, तर मामाकडे वळावं. ‘मामा कुठले तुमचे?’ बदलीवर आलेला तो बिचारा तलाठी चक्रावतो, खोली मला पाहिजे, यात मामाचा काय संबंध? मामानंही दगा दिला तर शेवटचं हत्यार काढावं. ‘भिंतीला खिळे तर नाही ना ठोकणार? ठोकायचाच झाला तर फोटो कोणाचा लावाल?’ बघा, किती साधा प्रश्न. वाटतं, काकाजींना नव्या रंगाची काळजी. सरकारी जात पडताळणीला महिनोन् महिने लागतात; काकाजी चहा निवायच्या आत निकाल देतात, आणि त्यावर अपील नसतं.

निकाल विरुद्ध गेला तर ‘नाही’ म्हणायचं नसतं. ‘आमचा भाचा येणार आहे शिकायला,’ असं म्हणायचं. या भाच्यांवर खरं तर कोणीतरी पीएच.डी. करायला हवी. नको असलेलं आडनाव उंबरठ्यावर उच्चारलं गेलं, की त्याच क्षणी कुठल्यातरी गावात एक भाचा शिक्षणासाठी पेटी भरायला घेतो. त्याचं वय काय, तो शिकणार काय, हे त्याच्या सख्ख्या आईलाही माहीत नसतं. आठवड्याभरात ‘आपल्यातला’ किरायादार आला, की भाच्याची शिक्षणाची इच्छा अचानक उडते. खोली पुन्हा रिकामी झाली, की पुन्हा ज्ञानाची ओढ लागते. एकेका काकाजीचा भाचा असा पंधरा-पंधरा वर्षं येतोच आहे. जितके भाचे आजवर भंडाऱ्यात शिकायला येणार होते, तितके खरोखर आले असते, तर इथे प्रत्येक पानठेल्यामागे एक विद्यापीठ काढावं लागलं असतं.

इकडे ‘आपल्यातला’ माणूस मात्र आत येतो तो थेट काकूंच्या हातचे पोहे खातच. करतो काय, पगार कुठून येतो, आधीची खोली का सोडली, घरात माणसं किती राहणार, ओळखपत्र कुठे आहे, हे त्याला विचारणं म्हणजे अपमान. डिपॉझिट? ‘असू द्या हो, घरचेच तुम्ही.’ पोलीस ठाण्यात किरायादाराची माहिती द्यायची असते, ती आता घरबसल्या ऑनलाइनही देता येते. पण आपल्या माणसाचं नाव पोलिसांत कसं द्यायचं? पाच महिन्यांनी घरचाच माणूस चार महिन्यांचा किराया, विजेचं बिल आणि छताचा पंखा घेऊन अंतर्धान पावतो. काकाजींना राग येतो तो पंख्याचा. आडनाव बरोबर होतं, याचं समाधान तरीही उरतंच.

यातून एखादे काकाजी शहाणे झाले, तर ते करारनामा करतात. म्हणजे तहसीलसमोरच्या टायपिस्टकडे जातात. त्याच्याकडे नमुना तयार असतो, फक्त नावं बदलायची. तिसऱ्या पानावर आधीच्या किरायादाराचं नाव तसंच राहतं, पण तिसरं पान वाचतो कोण? मुदत अकरा महिने. अकराच का, तर बारा झाले की खोली जाते, असं काकाजींच्या वडिलांनी सांगितलं होतं. शंभराचा स्टॅम्पपेपर ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला, तेव्हा काकाजी आठवडाभर हळहळले. त्यावर नोटरीचा लाल शिक्का बसला की काकाजी निश्चिंत.

निश्चिंत राहू नका, काकाजी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर अटींबद्दल किरायादार सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हे सगळं टाळायचा खर्च किती? महिना चार हजारांची खोली आणि आठ हजार डिपॉझिट धरा. पाव टक्क्यानं मुद्रांक शुल्क निघतं शंभर-सव्वाशेच्या घरात, नोंदणी फी शहरात हजार, गावात पाचशे. नोंदणीचं काम ऑनलाइनही होतं. पण तिथे मामांची चौकशी करायचा रकाना नाही, म्हणून काकाजींचं मन रमत नाही.

चौकशीचा हक्कही कसा एकतर्फी! ऑगस्ट २०२०च्या शेवटी वैनगंगा भंडारा शहरात शिरली, तेव्हा सखल भागातल्या कित्येक तळमजल्यांत पाणी भरलं होतं. आता त्याच खोलीला नवा रंग मारून ‘हवेशीर’ म्हणून दाखवतात. पाणी कुठवर आलं होतं, हे किरायादारानं विचारलं, तर माणूस खोचक ठरतो.

इथवर थट्टा पुरे. आता सरळ विचारतो. आषाढात काकाजींच्या बांधीत रोवणी असते, तेव्हा बायांना आडनाव विचारता का हो? तेव्हा विचारता, ‘किती जणी येता आणि उद्या येता की परवा?’ मामा नाही, वार्ड नाही, भिंतीवरचा फोटो नाही. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून त्या बायांनी लावलेला धान तुमच्या घरात शिजतो आणि त्यातल्याच एकीची मुलगी नर्स होऊन, बदलीची ऑर्डर हातात घेऊन दारात आली, की तुमचा भाचा शिकायला निघतो! ती पोरगी रात्रपाळी करून दिवसा खोल्या बघत फिरते. पगार दर महिन्याला बँकेत पडणारा, ओळखपत्र गळ्यात, डिपॉझिट रोख द्यायला तयार. घरमालकाला किरायादार म्हणून याहून चांगलं माणूस कोणत्या शास्त्रात सांगितलं आहे? पण दहा दारांतून तिला दहा भाचे आडवे येतात. अकराव्या दारात ती स्वतःहून आधी आडनाव सांगून मोकळी होते, उगाच चहा कशाला वाया घालवायचा म्हणून. याला तुम्ही चोखंदळपणा म्हणता, कायद्यानं दुसरं नाव दिलं आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ सालचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला राहत्या जागेत राहायला अटकाव केला, तर त्याच्या कलम ४ खाली गुन्हा होतो. शिक्षा किमान एक महिना, कमाल सहा महिने कैद, शिवाय शंभर ते पाचशे रुपये दंड. पाचशे म्हणजे तुमचा एक स्टॅम्पपेपर. कैदेचं मात्र अकरा महिन्यांच्या नमुन्यात काही लिहिलेलं नाही.

तर काकाजी, वही उघडलीच आहे तर चार कामाच्या गोष्टी लिहा. नोकरी-धंदा काय. आधीच्या घरमालकाचा फोन नंबर, आणि तो लावून बघा. ओळखपत्राची प्रत. राहणार किती जण. किल्ली देताना मीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या, पंखे-नळ मोजून यादी जोडा, दर महिन्याला किरायाची पावती द्या, करार नोंदवा. आडनाव त्या करारावर आपोआप येतं, विचारावं लागत नाही. किराया पगारातून येतो, आडनावातून आजवर एक रुपया आलेला नाही.