सांगाल तो मी

लिनक्सच्या पोटात एक शिवी आहे. आई-बहिणीवरची नव्हे, सभ्य, जर्मन वळणाची. फिलिप्सची एसएए ७१३० चिप असलेलं स्वस्तातलं टीव्ही ट्यूनर कार्ड संगणकात बसवून यंत्र चालू केलं, की ती लॉगमध्ये आपोआप उमटते. आशय असा : अभिनंदन! तुमच्या कार्डवाल्याने एका ईईप्रॉम चिपचे काही सेंट वाचवलेत, त्यामुळे या कार्डाला ओळख क्रमांकच नाही आणि हे कोण आहे ते मला कळायला मार्ग नाही. मजकुराच्या आधी ‘त्रागा सुरू’ आणि नंतर ‘त्रागा समाप्त’ अशा अर्थाच्या खुणा. लगेच पुढे : हां, आता जरा बरं वाटलं. आनंदाची गोष्ट अशी की कार्डाचा नंबर तुम्ही स्वतः सांगू शकता, यादी खाली आहे.

ही शिवी ज्यात आहे तो, कार्ड चालवणारा ड्रायव्हर गेर्ड क्नोर नावाच्या जर्मन गृहस्थाचा. माणूस आधी मोकळेपणाने चिडतो आणि चिडून झाल्यावर मदत करतो, हे मला फार आवडलं. आपल्याकडच्या सरकारी खिडक्यांवर पहिली पायरी नेमाने पार पडते, दुसरी येईपर्यंत जेवणाची सुट्टी होते.

करमाळ्यात आमच्या घरी लिनक्स आलं ते तत्त्वासाठी नव्हे. २००८ साली पेन ड्राइव्ह हे गावात साथ पसरवण्याचं मुख्य साधन होतं. फोटो स्टुडिओ, झेरॉक्सचं दुकान, नेट कॅफे अशी प्रदक्षिणा घालून आलेली पेन ड्राइव्ह लावली, की आमचं फुकटात मिळवलेलं विंडोज आडवं पडायचं. उबंटू हे लिनक्स बनवणारे तेव्हा मागेल त्याला टपालाने त्याची सीडी पाठवत. २०११ पर्यंत पाठवत होते. पोस्टमनकाकांनी पाकीट उलटंपालटं करून विचारलं, “नेदरलँड्सला कोण असतं तुमचं?” कुणी नाही, फुकट आलंय, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. परदेशातून फुकट येणाऱ्या गोष्टींचा त्यांचा अनुभव लॉटरी लागल्याच्या पत्रांपुरता होता. आवृत्ती ८.०४, बगळ्याच्या नावाची. उजनीच्या पाण्याकाठच्या तालुक्यात बगळ्याचं कौतुक कुणाला? पण हा गुणी निघाला. व्हायरस गेले. गाणी वाजली. आणि मग मला टीव्हीची बुद्धी झाली.

कारण घरगुती होतं. टीव्ही एक, आणि संध्याकाळी आईला ‘चार दिवस सासूचे’ तर अण्णांना बातम्या. ती मालिका २००१ ला सुरू झाली आणि २०१३ ला संपली, म्हणजे त्या वेळी ती मध्याच्या थोडी पुढे गेली होती. आज मागे वळून पाहताना कळतं, की तंटा अजून बराच शिल्लक होता. दुसरा टीव्ही घ्यायचा तर काही हजारांचं काम. ट्यूनर कार्ड हजाराच्या आत. पुण्याच्या तपकीर गल्लीत मी दुकानदाराला विचारलं, “लिनक्सवर चालेल का?” तो वर न बघता म्हणाला, “सगळ्यावर चालतं.” कार्ड पिशवीत घालून पॅसेंजरने जेऊरला उतरलो आणि जीपमध्ये ते मांडीवर घेऊन घरी आलो. संगणकात बसवलं, यंत्र चालू केलं, आणि गेर्डसाहेब आमच्यावर बरसले.

अण्णांनी पंचांग वाचायचं भिंग आणून कार्ड पाहिलं. शिवी अगदी खरी होती. हिरव्या पट्टीवर एका कोपऱ्यात आठ चंदेरी ठिपके होते, चार इकडे, चार तिकडे. त्यांच्याभोवती पांढऱ्या रेघेने चौकोन आखलेला, शेजारी चिपचा नंबरही छापलेला. चिप मात्र नव्हती. आठ पायांच्या त्या एवढ्याशा चिपमध्ये कार्डाने स्वतःचं नाव-गाव बाळगायचं असतं. कारखानदाराने तिची जागा ठेवली होती आणि तिचे पैसे ठेवून घेतले होते. अण्णा म्हणाले, “म्हणजे याला आपलं नावच माहीत नाही?”

नाही. आणि गंमत पुढेच आहे. तहसील कचेरीत रहिवासी दाखला काढायला गेलं, तर जिथं जन्मलो तिथंच राहतो हे पटवायला रेशन कार्ड, लाइट बिल आणि ओळखीचा माणूस लागतो. लिनक्सला काहीच लागत नाही. ड्रायव्हर चढवणाऱ्या मोडप्रोबच्या आज्ञेपुढे ‘कार्ड=३’ लिहिलं की कार्ड म्हणतं, मी तीन नंबर. ‘कार्ड=१२’ लिहिलं की म्हणतं, मी बारा. शहानिशा नाही, प्रतिज्ञापत्र नाही. सांगाल तो मी. एवढा विश्वास मला आयुष्यात कुणी दाखवला नव्हता, आणि त्याचाच पुढे ताप झाला. यंत्र आपल्यावर अविश्वास दाखवतं तेव्हा निदान भांडता येतं.

यादी केवढी? कमलाभवानीच्या देवळाजवळच्या विहिरीला ९६ पायऱ्या आहेत. आम्ही लहानपणी त्या मोजत उतरायचो. ही यादी तिच्याहून खोल. बरं, कार्डाचा नंबर लागला तरी सुटका नाही. कार्डावर पत्र्याची एक डबी असते, केबलची पिन जिच्यात खुपसतात ती. तो खरा ट्यूनर, आणि त्याची यादी वेगळी. डबीवरच्या कागदी चिकटपट्टीवर त्याचा नंबर असायला हवा. आमच्या डबीवर फक्त तपासणी झाल्याचा गोल शिक्का होता. काय तपासलं देव जाणे.

इथे अण्णा मैदानात उतरले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षकाला रकाने आखायला मिळाले की दुसरं काही लागत नाही. त्यांनी दोनशे पानी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या : कार्ड, ट्यूनर, चित्र, आवाज, शेरा. मी ड्रायव्हर उतरवायचो, नवे आकडे देऊन चढवायचो. अण्णा पडद्याकडे बघून नोंद करायचे. ती वही अजून आहे. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात ‘मुंग्या’, ‘हिरवे पडले’, ‘यंत्र गोठले, बटण दाबून बंद केले’, ‘प्रगती नाही’ असं ओळीने लिहिलेलं आहे. ‘प्रगती नाही’ हा शेरा त्यांनी पूर्वी माझ्या वहीतही मारला होता, तेव्हा कार्डाबद्दल मला सहानुभूती वाटू लागली.

तीन नंबरवर, म्हणजे फ्लायव्हिडिओ २००० या दुसऱ्याच कुणाच्या नावावर, पडदा हलला. चित्र होतं, पण वरून खाली घरंगळत होतं आणि त्याला रंग नव्हता. अण्णा खूश झाले. “१९८२ च्या आधी असंच होतं,” म्हणाले, “एशियाडला रंग आला.” मला वाट बघायची नव्हती. टीव्हीटाइम हा प्रोग्रॅम मुळात अमेरिकेच्या हिशेबाने चालतो : तिकडच्या चित्रात ५२५ रेघा, आपल्यात ६२५, तिकडे सेकंदाला साठ अर्धी चित्रं, इकडे पन्नास. एनटीएससी ही तिकडची पद्धत काढून पाल ही आपली केली आणि सासूबाई स्थिर झाल्या. साडीचा रंगही आला. मग वाहिन्या शोधायच्या, तर आधी देश निवडा. यादीत जपान, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, चिमुकलं न्यूझीलंडसुद्धा. भारत नाही. एवढ्या मोठ्या देशात केबल बघणारे कोट्यवधी. त्यांच्यातल्या एकालाही लिनक्सवर टीव्ही बघण्याची अवदसा आठवली नसावी. शेवटी ‘युरोप’ निवडलं. दूरदर्शनने सुरुवातीपासून युरोपातलीच पद्धत घेतली असल्याने वारंवारता बरोबर जुळल्या आणि एकेक करून सगळी करमाळ्याची केबल युरोपात सापडली. सह्याद्री, ई टीव्ही, झी, आणि केबलवाल्याची स्वतःची लोकल वाहिनी, जिच्यावर खताची जाहिरात, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दुपारी एक सिनेमा असायचा.

आवाज मात्र नव्हता. आईला पहिल्या दिवशी याचं काही वाटलं नाही. “संवाद पाठच आहेत,” ती म्हणाली. पण आवाज का नाही, याचं उत्तर पुन्हा त्या नावगावातच होतं. कार्डाच्या नंबराबरोबर ड्रायव्हरला हेही कळतं, की आवाजाचं फाटक उघडायला चिपची कोणती तार ओढायची. उसनं नाव चित्रापुरतं चालून गेलं होतं. आवाजाने ते पकडलं. पुन्हा वही. पुन्हा नंबर. शेवटी एका नंबरावर फाटक उघडलं असावं अशी खूण दिसली, तरी खोली शांतच. कारण या कार्डाचा आवाज संगणकात आतल्या आत जात नाही. पाठीमागे एक वीतभर वायर लागते : ट्यूनरच्या भोकातून निघून साउंड कार्डाच्या निळ्या भोकात जाणारी. ती लावली. शांतता. मग अल्सामिक्सर उघडला. आवाजाच्या उभ्या पट्ट्यांची रांग, आणि ‘लाइन’ नावाच्या पट्टीच्या पायाशी दोन एम. म्हणजे म्यूट. एम दाबल्याबरोबर स्पीकरमधून अशी किंकाळी आली की आई स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन धावत आली. मालिकेतलंच कुणीतरी किंचाळत होतं. अण्णांनी शेरा लिहिला : ‘उत्तम. आवाज कमी करणे.’

बातमी गल्लीत पसरली आणि केबलवाला हजर झाला. तो अण्णांचाच जुना विद्यार्थी. दारात चप्पल काढून, हात जोडून म्हणाला, “गुरुजी, तुमचे पॉइंट दोन झालेत म्हणं. दुसऱ्या पॉइंटला निम्मे पैसे असत्यात.”

“अरे, तो टीव्ही नाही, संगणक आहे.”

“चित्र दिसतंय का?”

“दिसतं.”

“आवाज येतोय का?”

अण्णांना खोटं बोलता येत नाही. “आता येतो,” ते जरा अभिमानानेच म्हणाले.

“मग टीव्हीच की गुरुजी.”

एवढी नेमकी व्याख्या लिनक्सच्या कर्नलवाल्यांनीही केलेली नाही. शेवटी त्याच्या बिलांच्या संगणकातले व्हायरस मी काढून द्यायचे या बोलीवर दुसरा पॉइंट मंजूर झाला. हा सौदा त्याच्या फायद्याचा होता, कारण त्याचीही पेन ड्राइव्ह गावभर फिरत असे.

रेकॉर्डिंगचा मोह मी फार दिवस धरला नाही. चित्र जसंच्या तसं साठवायचं तर सेकंदाला वीस एमबी. अर्ध्या तासाच्या एका भागाला सदतीस जीबी. हार्ड डिस्क ८० ची. दोन भागांत सासूने घर भरलं असतं. दाबून लहान करून साठवता येतं, पण आमचा प्रोसेसर तेवढ्यात असा धापा टाकायचा की पडद्यावरच्या पात्रांचे ओठ आणि शब्द यांचं बोलणंच बंद व्हायचं.

मग जानेवारीच्या अखेरीस एका रात्री गेलेली लाइन परत आली ती जोरात आली, आणि बाहेरच्या खोलीतला खरा टीव्ही जळाला. संगणक यूपीएसमागे होता म्हणून वाचला. ८ फेब्रुवारी २००९ ला, रविवारी, ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ची अंतिम फेरी होती. त्या हिवाळ्यात महाराष्ट्रात दोन मराठी माणसं भेटली की कार्तिकी, आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित यांच्यावरून त्यांचे पाच पक्ष होत. शेजारच्या काकू घरात धडधाकट टीव्ही असून आमच्याकडे आल्या. “लाइनचा भरवसा नाही, वैनी,” त्या आईला म्हणाल्या, “तुमच्याकडं ते यूपीएस हाय.” त्यांच्यामागे त्यांच्या जावा, जावांची पोरं. पंधरा इंची मॉनिटरसमोर सतरंजी अंथरली. मी खुर्चीवर, माउस हातात. त्या खोलीत माझ्या शब्दाला एवढं वजन त्याआधी कधी नव्हतं आणि पुढे राहिलं नाही.

ऐन रंगात लाइन गेली. गल्ली अंधारली. आमचा पडदा मात्र उजळलेलाच होता. यूपीएस टूं टूं करू लागला आणि काकूंनी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. पण पडद्यावर गाणं नव्हतं. सगळं निळं, आणि वर इंग्रजीत दोन शब्द.

“काय म्हणतंय ते?” काकूंनी विचारलं.

“सिग्नल नाही म्हणतंय.”

केबलची वायर गल्लीत शिरते तिथे खांबावर एक अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याला वीज समोरच्या घरातून दिलेली. त्या बदल्यात त्या घराला केबल फुकट. त्या घराला यूपीएस नव्हता. मी खात्री करून घेतली : ड्रायव्हर चढलेला, कार्डाचा नंबर बरोबर, ट्यूनर बरोबर, पाल, युरोप, लाइन म्यूट नाही. वहीतल्या सगळ्या रकान्यांत पहिल्यांदाच एका ओळीत बरोबरच्या खुणा आल्या असत्या. अण्णांनी बॅटरीच्या उजेडात वही उघडलीही. यूपीएसने पंधरा मिनिटं इमानाने तो निळा रंग दाखवला आणि तो विझला.

निकाल पुण्याच्या मावशीकडून फोनवर कळला. कार्तिकी गायकवाड. आईने तो मोठ्याने जाहीर केला, दोन पोरं रडली, एक नाचलं. काकूंनी सतरंजीची घडी घालून आईच्या हातात दिली आणि चप्पल शोधता शोधता म्हणाल्या, “परत दाखवत्याल की वैनी. तवा आमच्याकडं या. आमच्या टीव्हीला काय सांगावं लागत न्हाय.”