नाही म्हणायचं नाही

हास्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतलेल्या माणसाला लवकरच एक अगदी निरुपद्रवी प्रश्न पडतो. एका यादीतल्या दुबार वस्तू काढून टाकायच्या आहेत. त्यासाठी ‘नब’ नावाचं तयार फंक्शन आहे. त्याच्या अपेक्षा फार नाहीत. दोन वस्तू सारख्या की वेगळ्या एवढं सांगता आलं की त्याचं भागतं. मात्र प्रत्येक नवी वस्तू ते आधी ठेवून घेतलेल्या एकूण एक वस्तूंशी ताडून बघतं. सगळे वेगवेगळे असे 10,000 आकडे त्याच्या हवाली केले, तर जवळजवळ 5 कोटी तुलना होतात. वस्तूंमध्ये लहानमोठं ठरवता येत असेल तर तेच काम दोन-तीन लाख तुलनांत उरकतं, आणि त्यासाठी ‘नबऑर्ड’ नावाचं वेगळं फंक्शन आहे. मग माणूस म्हणतो, दोन कशाला? एकच लिहू. क्रम लावता येत असेल तर झटपट वाटेने जा, येत नसेल तर रखडत जा.

इथे हास्केलचा कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून त्याचा चालता प्रोग्राम करून देणारा, कानावर हात ठेवतो. ‘असेल तर’पर्यंत त्याची काही हरकत नसते. ‘नसेल तर’ म्हटलं की तो ऐकूनच घेत नाही.

ही खोड समजून घ्यायची तर 1989 सालात जावं लागतं. फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी त्या वर्षी टाइपक्लासची कल्पना मांडली. अडचण तशी साधी होती. ‘सारखे आहेत का’ हा प्रश्न आकड्यांना विचारता येतो, याद्यांना विचारता येतो, पण दोन फंक्शनं सारखी आहेत का हे सर्वसाधारणपणे ठरवताच येत नाही. तेव्हा ज्या टाइपला, म्हणजे वस्तूंच्या ज्या प्रकाराला, जे जमतं, त्याची त्याने रीतसर नोंद करावी. तुलना जमत असेल तर ‘ईक्यू’मध्ये, क्रम लागत असेल तर ‘ऑर्ड’मध्ये, स्वतःला छापून दाखवता येत असेल तर ‘शो’मध्ये. या नोंदीला म्हणायचं इन्स्टन्स. आकड्यांची नोंद तिन्हीकडे आहे. संमिश्र संख्यांची ‘ईक्यू’मध्ये आहे, ‘ऑर्ड’मध्ये नाही, कारण बेरीज-गुणाकाराशी जुळेल असा लहानमोठेपणा त्यांच्यात गणितालाच लावता आलेला नाही. एखाद्या फंक्शनने ‘मला ऑर्ड लागेल’ असं म्हटलं, की कंपायलर त्या टाइपची तुलना करणारी फंक्शनं एका गाठोड्यात बांधून त्याच्या हातात गुपचूप ठेवतो. या गाठोड्याला डिक्शनरी म्हणतात. प्रोग्राम चालू होतो तोवर टाइप पुसले गेलेले असतात. मागे उरते ती ही डिक्शनरीच. त्यामुळे कंपायलरला सोडून चालत्या प्रोग्रामला विचारावं, तर त्यालाही काही ठाऊक नसतं.

विचारल्याशिवाय काही गृहीत धरायचं नाही ही रीत या भाषेत बारशापासूनची आहे. हास्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं नाव भाषेला द्यायचं ठरलं, तेव्हा करी हयात नव्हते, म्हणून त्यांच्या पत्नीची परवानगी घ्यायला मंडळी घरी गेली. बाईंनी परवानगी दिली आणि निघता निघता सांगितलं, की हास्केलना स्वतःचं नाव कधीच आवडलं नव्हतं. भाषेचा पहिला अहवाल 1 एप्रिल 1990 रोजी प्रसिद्ध झाला. तारीख योगायोगाची होती, असं कर्ते सांगतात.

तर मूळ मुद्दा. हास्केलमध्ये एखादं फंक्शन छापायला सांगा. कंपायलर म्हणतो, या टाइपची ‘शो’ची नोंद सापडली नाही; आणि कंसात हळूच विचारतो, फंक्शनला सगळे आर्ग्युमेंट द्यायचे राहिले तर नाहीत ना? आमच्या पेठेतला किराणा दुकानदार याच घराण्यातला. नाचणी सत्त्व आहे का, असं विचारल्यावर तो ‘नाही’ म्हणाल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. ‘मागवलंय’, ‘गाडी यायचीय’, ‘संध्याकाळी चक्कर टाका’. दुकानदार हे गिऱ्हाईक तुटू नये म्हणून करतो, कंपायलरजवळ मात्र सबळ कारण आहे. हास्केलचा प्रोग्राम अनेक मॉड्यूलमध्ये विखुरलेला असतो आणि प्रत्येक मॉड्यूल वेगवेगळं कंपाइल होतं. आज इथे नसलेली नोंद उद्या दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच मॉड्यूलमध्ये केली, तर ती तितकीच वैध. म्हणजे कंपायलरला ‘आहे’ हे छातीठोक सांगता येतं. ‘नाही’ हे त्याला कधीच कळलेलं नसतं, कळलेलं असतं ते एवढंच, की अजून आलेलं नाही.

यावर कुणी म्हणेल, आजचं आज बघा की! बघितलं तर काय होईल? दुबार वस्तू काढण्यात फक्त वेळेचा फरक पडेल, उत्तर तेच येईल. पण एका मॉड्यूलने, नोंद दिसली नाही म्हणून, वस्तू आल्या तशा साठवल्या आणि नोंद दिसणाऱ्या दुसऱ्याने त्या क्रमाने लावल्यात असं धरून शोधल्या, तर असलेली वस्तू सापडायची नाही. आणि हा दोष शोधणाऱ्याच्या नशिबी काय येईल ते सांगायला नको. दोन्ही मॉड्यूल वेगवेगळी तपासली तर निर्दोष निघतील.

सी++ या भाषेला असलं सोवळेपण नाही. 2017 आणि 2020 च्या आवृत्त्यांनंतर तिथे ‘या टाइपला हे जमतं का’ असं सरळ विचारून दोन वाटा फोडता येतात. मग एकाच प्रश्नाचं उत्तर प्रोग्रामात एका जागी ‘हो’ आणि दुसऱ्या जागी ‘नाही’ आलं तर? त्याचीही प्रमाणग्रंथात तरतूद आहे: असा प्रोग्राम चूक धरावा, मात्र तसं सांगण्याचं बंधन कंपायलरवर नाही. मला हे वाक्य फार आवडतं. गुन्हा आहे, पोलीस आहेत, फक्त तक्रार नोंदवून घेण्याची सक्ती नाही.

हास्केलमध्ये चतुर लोक मग दोन इन्स्टन्स लिहून बघतात, एक क्रम लागणाऱ्या टाइपांसाठी आणि दुसरा उरलेल्या सगळ्यांसाठी. कंपायलर दोन्हींना एकच समजून परत पाठवतो. इन्स्टन्स निवडताना तो अटी वाचतच नाही. आधी निवड, मग चौकशी; आणि चौकशीत काही भलतं निघालं तरी निवड फिरवायची नाही. एकावर एक चढणारे इन्स्टन्स चालवून घेण्याची चिन्हं जीएचसी या मुख्य कंपायलरच्या 7.10 आवृत्तीपासून आहेत. त्यातल्या एकाचं नावच ‘इन्कोहेरंट’, म्हणजे विसंगत, ठेवलेलं आहे. सूचना देण्याची याहून प्रामाणिक पद्धत मी पाहिलेली नाही.

अलीकडे ‘इफ-इन्स्टन्स’ नावाचं एक प्लगिन निघालंय. ते कंपायलरच्या टाइप तपासणीत शिरून त्याच्याकडून ‘नाही’ वदवून घेतं. त्याची अट मला पटली: फंक्शनच्या आत असा प्रश्न विचारायचा असेल, तर तो फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये, म्हणजे त्याचे टाइप जाहीर करणाऱ्या ओळीत, उघड लिहायचा. म्हणजे ज्याला टाइप नक्की ठाऊक आहे त्या हाक मारणाऱ्याच्या जागी उत्तर ठरतं, आणि फंक्शन चोरून काय बघतं हे सगळ्यांना दिसतं. दोष शोधताना मधली मूल्यं छापायला मी ते वापरतो. छापता येत असेल तर छाप, नाहीतर ‘दाखवता येत नाही’ एवढं लिही.

सिग्नेचरमधला तो उल्लेख राहून गेला तरी प्लगिन तक्रार करत नाही. आलेली वस्तू कोणत्या टाइपची हे आतल्या जागेवरून दिसत नाही, म्हणून तिथल्या तिथे ‘नाही’ ठरवून मोकळं होतं. मग फंक्शन द्या, यादी द्या, साधा 5 द्या, पडद्यावर ओळीने येत राहतं: दाखवता येत नाही, दाखवता येत नाही, दाखवता येत नाही.