बाळंतविड्याची बैठक

मूल व्हावं म्हणून देशभरातून लोक त्र्यंबकेश्वरी येतात. तीन दिवसांचा नारायण नागबळी करतात, नवं धोतर नेसतात, दक्षिणा ठेवतात, जातात. मूल झाल्यावर त्याच्याखाली काय घालायचं, याचा विधी मात्र कुठल्याच पोथीत नाही. त्यासाठी बैठक घ्यावी लागते.

अशीच एक आमच्या आळीत भरली. लेक पहिलटकरीण, सातव्यात माहेरी आलेली, दिवस श्रावणात भरणार. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला गर्दी लोटते, रस्त्यावर गाड्या अडवतात. नेमक्या त्याच दिवशी कळा सुरू झाल्या तर नाशिक कसं गाठायचं, हे कोणी काढलंच नाही. विषयपत्रिकेवर मुद्दा एकच: लंगोट की डायपर?

आजीचा पक्ष लंगोटाचा. जुन्या धोतराचं कापड मऊसूत, आणि या गावात धोतरांना काय तोटा! तान्हं बाळ दिवसाला दहा-बारा लंगोट सहज भिजवतं, श्रावणात इथे रुमालसुद्धा वाळत नाही. त्यावरही आजीचा तोडगा तयार: शेगडीवर टोपली उपडी घाला आणि वर लंगोट पसरा. सर्वांत ठाम पाठिंबा दिला तो आजोबांनी आणि जावईबापूंनी. दोघांनीही जन्मात एक लंगोट पिळलेला नाही.

आत्या डायपरवाली. वापरा, गुंडाळा, टाका. कुठे टाका, हे विचारणं बैठकीत अशुभ मानलं गेलं. डायपरला बाहेरून प्लास्टिक, आत लगदा आणि ओल शोषून फुगणारी पॉलिमरची पूड. ही पूड बाळाची शू धरते तसं पावसाचं पाणीही धरते, म्हणून ओढ्यात फेकलेलं डायपर टम्म फुगून बसतं. आणि इथला ओढा म्हणजे कोण, तर ब्रह्मगिरीवर जन्मलेली गोदावरी. तिला आपण गावातच सिमेंटच्या स्लॅबखाली घातलं, तक्रार हरित लवादापर्यंत गेली. दक्षिणगंगेचं हे पहिलं डायपर, बदलायचं कोणी हा वाद चालूच.

शेवटी ठराव झाला: दिवसा लंगोट, रात्री डायपर. धुणार कोण, यावर मतदान झालं नाही. सगळ्यांनी एकाच वेळी लेकीच्या आईकडे पाहिलं.

तर जावईबापू, घनकचरा नियमांनी वापरलेलं डायपर नीट गुंडाळून द्यायला सांगितलंय. सिंहस्थात लाखो माणसं याच गावच्या पाण्यात पवित्र व्हायला उतरतात. बारशाला याल तेव्हा पेढे आम्ही वाटू. तुम्ही रोज सकाळी ते पुडकं तेवढं घंटागाडीत टाकून या.