गोळी बदलली, नोंद कुठे आहे?

पेशंट चौथ्या दिवशी परत येतो. अंगभर पुरळ, ओठ सुजलेले, खाज थांबत नाही. डॉक्टर जुना कागद बघतात. त्यांनीच लिहून दिलेलं अँटिबायोटिक. "ही गोळी तुम्हाला सूट झालेली दिसत नाही. आजपासून बंद करा, दुसरी लिहून देतो." पेशंट बरा होतो, डॉक्टरांना दुवा देतो आणि प्रकरण मिटतं.

असं मिटणं मला मान्य नाही. त्या पेशंटपुरतं डॉक्टरांनी बरोबरच केलं. पण तीच गोळी, त्याच बॅचची, त्याच आठवड्यात आणखी किती जणांनी घेतली आणि त्यांचं काय झालं, हे एका केबिनमध्ये बसून कळत नाही. त्यासाठी पन्नास केबिनमधली माहिती एका टेबलावर यावी लागते. ती यावी म्हणून देशात यंत्रणा आहे, फॉर्म आहे, ॲप आहे, टोल फ्री नंबर आहे. कमी आहे ती फॉर्म भरणाऱ्यांची.

छिंदवाड्याचं आठवतंय ना? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मध्य प्रदेशातल्या परासिया भागात लहान मुलं एकामागून एक आजारी पडू लागली. आधी सर्दी, खोकला, ताप. मग लघवी बंद. मग किडनी निकामी. तिथून मोठ्या उपचारासाठी जवळ पडतं ते नागपूर, म्हणून मुलं नागपुरात आणली गेली आणि त्यातली काही नागपुरातच दगावली. सुरुवातीला संशय साथीवर होता. पाण्याचे नमुने घेतले, डासांचे घेतले. किडनीच्या बायोप्सीनं विषाकडे बोट दाखवलं, तेव्हा खोकल्याच्या औषधाची चौकशी जोरात सुरू झाली. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेनं या मुलांना दिलेल्या कोल्ड्रिफ सिरपची एक बॅच तपासली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं ४८.६ टक्के. चालतं जास्तीत जास्त ०.१ टक्का. वीसहून जास्त मुलं गेली.

कुणी म्हणेल, हा साइड इफेक्ट कुठे होता, ही तर भेसळ. खरं आहे. पण कॉटवरच्या मुलाकडे बघून हा फरक कुणाला कळतो? डॉक्टरांसमोर असते काल सकाळपासून लघवी न झालेली चार वर्षांची पोर आणि तिच्या आईच्या पिशवीतली अर्धी बाटली. 'हे औषधामुळे तर नसेल?' असं त्या क्षणी मनात आलं, तर तेवढ्यावर कळवता येतं. भेसळ आहे, डोस चुकला आहे, की औषधाचाच गुण आहे, हे शोधणारे लोक वेगळे आहेत. त्यांना शोध सुरू करायला तुमची शंका लागते. पहिल्या मुलाच्या वेळची शंका आणि दहाव्या मुलाच्या वेळची शंका यात मधली मुलं असतात.

महाराष्ट्राला तर हे विष नवीन नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारात दिलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्येही डायएथिलीन ग्लायकॉलच होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांची झाडाझडती घेतली, आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. आपल्या एमबीबीएसच्या किती विद्यार्थ्यांनी लेंटिन हे नाव ऐकलंय? माझा आग्रह आहे की फार्माकॉलॉजीच्या पहिल्या तासाला हे प्रकरण शिकवावं.

आता यंत्रणेबद्दल थोडं. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया २०१० मध्ये सुरू झाला. २०११ पासून त्याचं मुख्यालय गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत आणि मोठ्या रुग्णालयांत त्याची केंद्रं आहेत. तिथे आलेली माहिती पुढे स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक साठ्यात जाते. रिपोर्ट डॉक्टर देऊ शकतात, डेंटिस्ट देऊ शकतात, सिस्टर आणि फार्मासिस्टही देऊ शकतात. कुणाच्या परवानगीची गरज नाही.

फॉर्म बघून दडपण येतं हे मान्य. रकाने बरेच आहेत. पण अडून बसावं असे चारच: पेशंट कोण (पूर्ण नाव नको, आद्याक्षरं पुरतात), काय झालं, कुठल्या औषधावर शंका आहे, आणि कळवणारे तुम्ही कोण. बाकीचं जेवढं माहीत असेल तेवढं. औषध आणि त्रास यांचा संबंध नक्की आहे, संभवतो की नाहीच, हे ठरवण्याची वेगळी पद्धत आहे आणि ते काम केंद्रातले लोक करतात. 'आधी खात्री करतो, मग कळवतो' म्हणणारे डॉक्टर प्रामाणिक असतात, पण त्यांची खात्री होईपर्यंत कळवायचं राहून जातं.

खात्री एकट्याला होतही नाही. कारण साधं आहे. औषध बाजारात येण्याआधी ते फार तर काही हजार लोकांवर तपासलेलं असतं. दहा हजारांत एकाला होणारा त्रास एकदा तरी दिसावा अशी खात्री हवी असेल, तर सुमारे तीस हजार माणसं तपासावी लागतात. शिवाय चाचणीत गरोदर बाई नसते, ऐंशीचे आजोबा नसतात, किडनी अर्धी गेलेला, शुगर आणि बीपीच्या सहा गोळ्या घेणारा माणूस नसतो. तो थेट तुमच्या ओपीडीत येतो. खरी चाचणी तिथे सुरू होते, आणि तिची वही कुणी ठेवत नाही.

पाळीच्या दुखण्यावर घरोघरी घेतली जाणारी मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घ्या. कित्येक वर्षांचं जुनं औषध. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फार्माकोपिया कमिशननं त्याबद्दल इशारा दिला, की यातून ड्रेस सिंड्रोम होऊ शकतो: ताप, पुरळ, गाठी सुजणं, लिव्हरला इजा. हा त्रास गोळी घेतल्यावर लगेच येत नाही, दोन ते आठ आठवड्यांनी येतो. तोवर पेशंट गोळी विसरलेला असतो आणि तिसऱ्याच डॉक्टरांकडे गेलेला असतो. तरी धागा जुळला, कारण देशभरातून आलेले रिपोर्ट कुणीतरी एकत्र वाचले. कुणीतरी ते पाठवले होते.

एक गोष्ट जरा जवळून बघू. मेडिकलमध्ये जाऊन चार गोळ्या मागा. केमिस्ट दहाची स्ट्रिप काढतो, कात्रीनं चारचा तुकडा कापतो आणि कागदी पाकिटात घालतो. बॅच नंबर आणि एक्स्पायरी बहुतेक स्ट्रिपवर एकाच टोकाला छापलेली असते. ते टोक उरलेल्या सहा गोळ्यांबरोबर ड्रॉवरमध्ये परत जातं, कारण विकायला आणि कंपनीला परत करायला तेच लागतं. पेशंटच्या हातात येतो चकचकीत तुकडा, त्यावर औषधाच्या नावाची दोन-तीन अक्षरं. बिल घेतलं तर त्यावर बॅच असते. पण चाळीस रुपयांच्या गोळ्यांचं बिल मागतो कोण? गावाकडच्या दवाखान्यात तर सुट्या गोळ्या पुडीत येतात: सकाळी पिवळी, रात्री पांढरी. पुरळ उठल्यावर तालुक्याचा डॉक्टर विचारतो, "काय घेतलं?" आणि पेशंट सांगतो, "पिवळी गोळी."

वॉर्डात वेगळी गत. सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू होतं, रिकामी व्हायल निळ्या डब्यात जाते. वीस मिनिटांनी पेशंटला हुडहुडी भरते, बीपी उतरतं. सगळे त्याच्यामागे धावतात आणि धावलंच पाहिजे. तो सावरतो तोवर डब्यात तशाच दिसणाऱ्या दहा व्हायल जमलेल्या असतात. म्हणून सिस्टरना माझं सांगणं: औषध चालू असेपर्यंत व्हायल पेशंटच्या ट्रेमध्येच राहू द्या, आणि रिॲक्शन आली तर लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. हुडहुडी पहिल्यांदा तुम्हालाच दिसते. राउंडला डॉक्टर येतात तेव्हा पेशंट पांघरूण घेऊन झोपलेला असतो. फॉर्म भरायचा पहिला हक्क तुमचा आहे. केमिस्टना सांगणं: बिल न मागता द्या, आणि स्ट्रिप कापावीच लागली तर बॅच नंबर पाकिटावर पेननं लिहा. पाच सेकंदांचं काम आहे.

ब्रिटनमध्ये या क्षेत्रात आयुष्य घालवलेले विल्यम इनमन यांनी १९७६ मध्ये डॉक्टर का कळवत नाहीत याची सात कारणं मांडली. त्यांना त्यांनी सात महापापं म्हटलं. बाजारात आलेलं औषध सुरक्षितच असणार ही समजूत, खटल्याची भीती, आपल्या हातून पेशंटला त्रास झाला ही अपराधी भावना, नुसत्या शंकेवर कळवायला वाटणारा संकोच, अशी ती यादी. पन्नास वर्षं होत आली, यादी जुनी झालेली नाही. पुढे २००६ मध्ये बारा देशांतल्या ३७ अभ्यासांचा आढावा निघाला. मधला आकडा असा, की १०० त्रासांपैकी ९४ कुठेच कळवले जात नाहीत.

यातली भीती मी हलकी धरणार नाही. छिंदवाडा प्रकरणात सिरप लिहून देणाऱ्या एका बालरोगतज्ज्ञांना अटक झाली, तेव्हा देशभरातले डॉक्टर हादरले. औषधात विष कारखान्यात मिसळलं आणि बेड्या दवाखान्यात पोचल्या, अशी त्यांची भावना होती आणि ती मला समजते. पण म्हणूनच लिहून ठेवलेला कागद हवा. फॉर्मवरच छापलेलं आहे, की रिपोर्ट देणं म्हणजे डॉक्टरांनी, कंपनीनं किंवा औषधानं त्रास केला अशी कबुली नव्हे. पेशंटची ओळख गुप्त राहते, आणि कुणी विचारलं म्हणून कळवणाऱ्याचं नाव कार्यक्रमाचे लोक देत नाहीत. गप्प राहिलेल्या डॉक्टरांकडे यातलं काहीच नसतं.

'नैसर्गिक' म्हणून सोडून दिलेल्या औषधांचंही बघा. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे कावीळ झालेले सहा पेशंट आले, सगळे गुळवेल घेणारे. त्यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, की ती वेल दुसऱ्याच जातीची असेल. वाद व्हावा, त्यासाठीच नोंदी असतात. नंतर देशातल्या तेरा केंद्रांतून असे ४३ पेशंट मांडले गेले. त्या डॉक्टरांनी "काढा पीत होता, सोडा" म्हणून सहा जणांना घरी पाठवलं असतं, तर वाद घालायलाही काही उरलं नसतं. पेशंटला काढा, चूर्ण, वैदूची पुडी हे विचारा आणि रिपोर्टमध्ये लिहा. फॉर्ममध्ये त्यासाठी जागा आहे.

हॉस्पिटलच्या प्रमुखांना एक प्रश्न. गेल्या वर्षी तुमच्याकडून किती रिपोर्ट गेले? शून्य असं उत्तर अभिमानानं सांगणारे आहेत. दोनशे खाटा, वर्षभर रोज शेकडो इंजेक्शनं, आणि एकालाही रिॲक्शन नाही, यावर कुणाचा विश्वास बसेल? हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचचा तपासनीस येणार म्हटल्यावर एका रात्रीत फाइल भरणं हेही बंद करा. त्या फाइलीतून कुणाचा जीव वाचत नाही.

सरकारी बाजूलाही सोडून चालणार नाही. हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४, पण ती कामाच्या दिवशी आणि कचेरीच्या वेळेत. पहाटे तीनला रिॲक्शन बघणाऱ्या रेसिडेंटसाठी ॲप आहे, ते त्याला पहिल्या दिवशीच कुणी दाखवत नाही. इंटर्नशिपच्या ओरिएंटेशनमध्ये प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ते टाकून, एक नमुना रिपोर्ट भरून घेतला पाहिजे. आणि कळवणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे. नुसती पोच पुरत नाही. "तुमच्यासारखे आणखी इतके रिपोर्ट आले, लेबलमध्ये अमुक बदल सुचवला," किंवा "संबंध दिसला नाही," असं दोन ओळींचं पत्र जिल्ह्यातल्या डॉक्टरला, सिस्टरला, फार्मासिस्टला नावानिशी गेलं पाहिजे. आपल्या फॉर्मचं पुढे काय झालं हे ज्याला कळलं, तो पुढच्या वेळी आपणहून फॉर्म मागेल.