कागदावरची गांडुळं

"वहिनी, ऐकलंत का? समोरच्या सोसायटीत कालपासून गांडुळं शोधताहेत."

"अगंबाई! हरवली?"

"होती कुठे हरवायला! बिल्डरनं वर सोलर लावलं, खाली गांडूळखताचा खड्डा बांधला. एकाला पाच टक्के, दोन्हीला मिळून दहा टक्के सूट घरपट्टीत. घेताहेत की बिनबोभाट. आणि खड्ड्यात काय? सेक्रेटरींच्या मुलाची मोडकी सायकल नि गणपतीच्या मांडवाचे बांबू! आता तपासायला माणूस येणार म्हणे, म्हणून चेअरमन गेलेत नर्सरीत गांडुळं आणायला."

"येऊन खाणार काय ती? सायकल?"

"तेच म्हणते मी. शिवाय रोज शंभर किलोच्या वर कचरा होत असेल तर ओला कचरा आवारातच जिरवायचा, हा नियम २०१६चा. चेअरमन छातीठोक सांगतात, आमचा अठ्ठ्याण्णव किलो होतो. वजन कुणी केलं विचारलं, तर म्हणे अंदाज आहे!"

"बरा नेमका अंदाज! काकू, माझी आत्या फुरसुंगीला दिलेली. आपण पुण्यात बादली दाराबाहेर ठेवून मोकळे व्हायचो, आणि तिच्या विहिरीचं पाणी तोंडात घालवेना. टँकरवर दिवस काढले त्यांनी. २०१७ला तिथला पुण्याचा कचरा डेपो पेटला, गावानं कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा तीन आठवडे आपण नाकाला पदर लावून फिरत होतो, आठवतं ना? आत्या म्हणाली, एवढ्यात कंटाळलात?"

"बोलली ते खरंच बोलली. पण तुम्ही घरी खत करता त्या बादल्यांचा वास नाही येत हो. आमचे हे रोज भिंतीपाशी येऊन हुंगून जातात, तक्रारीला जागाच मिळत नाही!"

"पाणी साठलं, हवा कोंडली की घाण सुटते. भाजीच्या देठांवर तेवढाच वाळका पाला, अधूनमधून आंबट ताकाचा हबका, दोन दिवसांआड वरखाली. बादलीला भोकं मात्र हवीत. दोन-तीन महिन्यांत खत."

"आणि उरलेली आमटी?"

"आमटी आम्ही खातो! उरलीच तर गाळून चोथा घालायचा. ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तेच डिझेल जाळून गावाबाहेर वाहून न्यायचं, याला काय म्हणावं?"

"अळ्या होतात ना पण? आमच्या मावशी परवा भिंतीवरून डोकावल्या नि किंचाळल्या."

"त्या सैनिक माशीच्या. खरकटं फस्त करतात, आपल्याला काही करत नाहीत. कोंबड्यांना, मासळीला खाद्य म्हणून लोक मुद्दाम पाळतात. तुम्हाला किळस येत असेल तर बायोगॅस करा. आनंद कर्व्यांच्या 'आरती' संस्थेनं काढलाय ना, शेणाऐवजी खरकट्यावर चालणारा. २००६ साली लंडनला त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. किलो-दोन किलो खरकटं घातलं की चहा-भाताचा गॅस सुटतो."

"नको बाई, टाकी कुठे ठेवू? यांची पुस्तकं काढली तर जागा होईल, पण मग घरात मीच राहणार नाही."

"मग निदान ओलं-सुकं तरी वेगळं द्या. कचरा न्यायला येतात त्या ताई तुमच्या डब्यातून हातानं प्लॅस्टिक वेचतात. काल दह्याच्या पिशवीत ब्लेड निघालं."

"अहो, ते आमचं नाही! ... यांना विचारते."

"विचाराच. आणि दर रविवारी तुम्ही आंब्याचा पाला पेटवता ना, तो पोत्यात भरून मला देत जा. माझा वाळका पाला संपलाय, आणि तुमच्या धुरानं माझी वाळवणं काळी होतात."

"देईन. पण तुमच्या पेरूची जी फांदी आमच्या अंगणात आलीय, तिचे पेरू माझे."

"अर्धे."

"पोतंही अर्धंच मग!"